वैद्यकीय विद्यार्थ्यांना संशोधनाबद्दल काय वाटतं आणि ते प्रत्यक्षात किती करतात: सर्वेक्षण कसं आखावं?

तिसरं_वर्ष

नमस्कार. आम्ही तिघं तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी कॉलेजमध्ये एक सर्वेक्षण करणार आहोत. विद्यार्थ्यांचा संशोधनाकडे बघण्याचा दृष्टिकोन कसा आहे आणि प्रत्यक्ष सहभाग किती आहे, हा विषय. पाच वर्षांचे मिळून ६०० विद्यार्थी, दर वर्षाला १२०.

कच्च्या मसुद्यात २५ प्रश्न आहेत, बहुतेक हो/नाही. नमुन्यादाखल चार:

– संशोधन वैद्यकशास्त्रासाठी महत्त्वाचं आहे का?
– संशोधन उपयुक्त आहे आणि ते अभ्यासक्रमात सक्तीचं असावं, असं वाटतं का?
– तुम्ही कधी संशोधनात भाग घेतला आहे का?
– कोणते अडथळे येतात? लागू असतील ते सगळे निवडा.

गुगल फॉर्मची लिंक प्रत्येक वर्गाच्या ग्रुपवर टाकून १५ दिवस थांबायचा विचार आहे. शंका अशा: सूत्राने ३८५ जण लागतात असं येतं, ६०० मधून तेवढे मिळतील का? हो/नाही चालेल का? नुसता फॉर्म भरून घ्यायचा आहे, त्यालाही एथिक्स कमिटीची परवानगी लागते का? आणि आकडे हातात आल्यावर कोणत्या चाचण्या लावायच्या?

---

प्रश्नपारखी

चाचण्यांचा विचार इतक्यात नको. आधी प्रश्नावली नीट करा, कारण ती चुकली तर पुढचं कुठलंच गणित तिला वाचवू शकत नाही.

मसुद्यातल्या प्रत्येक प्रश्नासमोर थांबून विचारा, याला "नाही" कोण म्हणेल? "संशोधन महत्त्वाचं आहे का?" याला डॉक्टर होऊ घातलेलं कुणीही "नाही" म्हणणार नाही. जवळजवळ सगळे एकच उत्तर देतील अशा प्रश्नातून दोन विद्यार्थ्यांमधला फरक दिसत नाही, म्हणजे त्याने काहीच मोजलं जात नाही. या विषयावरच्या कितीतरी सर्वेक्षणांचा निष्कर्ष "दृष्टिकोन उत्तम, सहभाग कमी" एवढ्यावरच अडतो. त्याचं मोठं कारण हेच, की दृष्टिकोनाचा प्रश्न फुकटात "हो" म्हणण्यासारखा असतो.

म्हणून वाक्यं अशी घ्या की "हो" म्हणताना काहीतरी सोडावं लागेल:

– सुट्टीतले सहा आठवडे संशोधनाला द्यायची माझी तयारी आहे.
– गुणांमध्ये काही भर पडणार नसली तरी मी प्रकल्प हाती घेईन.
– उपचाराबद्दल शंका आली तर मी पाठ्यपुस्तकावर न थांबता मूळ पेपर शोधून वाचतो/वाचते.
– विद्यार्थ्याने संशोधनात घातलेला वेळ वाया जातो.

उत्तरं पाच पायऱ्यांची ठेवा, "पूर्ण असहमत" ते "पूर्ण सहमत". अशी १२ ते १५ वाक्यं पुरतात. त्यातली चार-पाच शेवटच्या वाक्यासारखी उलट्या दिशेची हवीत, कारण काही जण न वाचता सरळ "सहमत, सहमत" करत खाली जातात. फक्त उलटं वाक्य "नाही" घालून बनवू नका. "मला संशोधन आवडत नाही" याच्याशी "असहमत" म्हणजे नेमकं काय, यात वाचणारा अडखळतो. उलटा अर्थ होकारार्थी वाक्यातच आणा.

तुमचा दुसरा प्रश्न म्हणजे दोन प्रश्न एकात कोंबलेले आहेत. उपयुक्त वाटतं, पण सक्ती नको, असं वाटणाऱ्याने काय लिहायचं? तोडून दोन करा.

"कधी भाग घेतला आहे का?" हा प्रश्न तर सगळ्यात आधी बदला. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला चारहून जास्त वर्षं मिळालेली असतात, पहिल्या वर्षाच्याला काही महिने. वर्ष वाढतं तसा सहभाग वाढतो, हे त्यातून आपोआपच निघणार आणि ते उत्साह वाढल्यासारखं दिसणार. "गेल्या १२ महिन्यांत" असं बांधून विचारा. पहिल्या वर्षाला १२ महिने झालेच नसतील, तर तो गट वेगळा दाखवा.

शिवाय "भाग घेतला" म्हणजे काय? कुणी सेमिनारची तयारी धरेल, कुणी सीनियरला केसपेपरमधून आकडे उतरवून दिलेले धरेल. फॉर्मच्या सुरुवातीला तीन ओळींत सांगून टाका की कशाला संशोधन म्हणायचं आणि कशाला नाही. मग पायऱ्यांची यादी द्या आणि प्रत्येकीपुढे खूण करायला सांगा: प्रश्न ठरवणं, आधीचे पेपर शोधणं, प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा) लिहिणं, एथिक्स कमिटीकडे अर्ज, माहिती गोळा करणं, ती भरणं, विश्लेषण, लेखन, परिषदेत मांडणी, जर्नलकडे पाठवणं, प्रकाशन. अकरा खुणा झाल्या, पण भरायला मिनिटभरच लागतं. यातून खरं चित्र दिसतं. शंभर जण "भाग घेतला" म्हणाले आणि त्यातल्या नव्वदांनी फक्त "माहिती गोळा करणं" आणि "भरणं" यावर खूण केली असेल, तर त्या कॉलेजात विद्यार्थ्यांकडून हमाली करून घेतली जाते, संशोधन शिकवलं जात नाही. हा फरक टिपणं मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याचबरोबर प्रकल्प सक्तीचा होता की स्वतःहून घेतलेला, हेही विचाराच.

अडथळ्यांचं तसंच. "लागू असतील ते सगळे" म्हटलं की वेळ, गाईड, पैसा, संख्याशास्त्र, सगळ्यांवर खुणा येतात. सर्वांत मोठा एकच निवडायला लावा. आणि त्याआधी हे विचारा: तुम्ही गेल्या १२ महिन्यांत (क) कुणाकडे विचारलंच नाही, (ख) विचारलं पण काम मिळालं नाही, (ग) सुरू केलं पण थांबलं, (घ) चालू आहे किंवा पूर्ण झालं. "ग" वाल्यांना पुढचा प्रश्न: कोणत्या पायरीवर थांबलं? ज्याने कधी प्रयत्नच केला नाही त्याचा अडथळा हा अंदाज असतो, अर्ध्यावर थांबलेल्याचा अनुभव असतो. दोन्ही एका टक्केवारीत मिसळू नका.

तयार मापनपट्टी हवी असेल तर २००५ साली प्रसिद्ध झालेली "ॲटिट्यूड्स टुवर्ड्स रिसर्च" नावाची ३२ वाक्यांची पट्टी आहे. व्यवसायातला उपयोग, संशोधनाची धास्ती, सकारात्मक भावना, रोजच्या जगण्याशी संबंध आणि अवघडपणा असे तिचे पाच भाग आहेत. ती खास वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी बनवलेली नाही, त्यामुळे शब्द तपासून घ्यावे लागतील. वापरायची तर परवानगी घ्या. भाषांतर केलंत तर दुसऱ्या माणसाकडून ते उलट मूळ भाषेत करवून घेऊन ताडून पाहा.

शेवटी, पाच-सहा विद्यार्थ्यांना एकेकटं बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा आणि "यातून काय समजलं?" एवढंच विचारा. मध्ये बोलू नका. जिथे ते थांबतात तिथे तुमचं वाक्य चुकलेलं असतं. त्यानंतर २५-३० जणांवर पायलट, म्हणजे छोटी चाचणी फेरी, घ्या. हे लोक मुख्य नमुन्यात धरायचे नाहीत. दहा मिनिटांच्या वर वेळ लागत असेल तर प्रश्न कमी करा.

---

नमुना_निवड

३८५ चा आकडा फार मोठ्या लोकसंख्येसाठी आहे. सूत्र: १.९६ चा वर्ग × ०.५ × ०.५ ÷ ०.०५ चा वर्ग = ३८४.१६ (१.९६ म्हणजे ९५ टक्के विश्वास, ०.५ म्हणजे निम्मं प्रमाण, ०.०५ म्हणजे दोन्हीकडे पाच टक्क्यांची ढिलाई). तुमची लोकसंख्या ६०० च आहे, म्हणून मर्यादित लोकसंख्येची दुरुस्ती लावा: ३८४.१६ ÷ (१ + ३८३.१६/६००) = २३४.४, म्हणजे २३५. वीस टक्के लोक भरणार नाहीत असं धरलं तर २३५ ÷ ०.८ = २९४ जणांपर्यंत पोचायला हवं. दर वर्षातून ५९.

पण आकडा गाठणं हा तुमचा खरा प्रश्न नाही. ग्रुपवर लिंक टाकली की ज्याला संशोधनात रस आहे तोच आधी भरतो. विषयच "संशोधनात रस" हा असल्यामुळे इथे हा दोष इतर सर्वेक्षणांपेक्षा जास्त घातक आहे. आकड्यांत बघा. समजा ६०० पैकी २४० जणांनी भरलं आणि त्यातले ६० म्हणाले की आम्ही संशोधन केलंय. झाले २५ टक्के. ९५ टक्के विश्वासमर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असावा तो, साधारण १९.५ ते ३०.५. आता समजा न भरणाऱ्या ३६० मध्ये फक्त १८ जणांनी केलेलं आहे. एकूण ७८, म्हणजे खरा आकडा १३ टक्के. तुमच्या मर्यादेच्या पार बाहेर. नमुना २३५ पेक्षा मोठा होता, सूत्र पाळलं होतं, तरी उत्तर जवळजवळ दुप्पट आलं. विश्वासमर्यादा फक्त योगायोगाची चूक मोजते, कोण आलं नाही हे तिला कळत नाही.

म्हणून ग्रुपवर लिंक नको. हजेरीपटावरून प्रत्येक वर्षाचे ५९ जण यादृच्छिक क्रमांकांनी निवडा आणि त्यांनाच गाठा. कोण राहिलं ते कळतं, त्यामुळे आठवण करता येते: चौथ्या, आठव्या आणि बाराव्या दिवशी, तीनदाच. निवडलेल्या २९५ पैकी २३५ उत्तरं ही ६०० पैकी आपणहून आलेल्या २४० उत्तरांपेक्षा कितीतरी भरवशाची.

दोन गोष्टी जास्तीच्या. आलेल्या उत्तरांतलं वर्ष आणि लिंग यांचं प्रमाण हजेरीपटाशी ताडा. आणि पहिल्या चार दिवसांत भरणारे व शेवटच्या आठवणीनंतर भरणारे यांची तुलना करा. उशिरा भरणारे न भरणाऱ्यांसारखे असतात असं मानायला थोडा आधार आहे, पुरावा नव्हे. पण दोन्ही गटांत मोठा फरक दिसला तर तो लिहायलाच हवा.

वर्षावर्षांची तुलना करणार असाल तर आत्ताच सांगतो: एका वर्षातून ४७ उत्तरं आली तर त्या वर्षाच्या टक्केवारीला दोन्हीकडे ११ टक्क्यांची ढिलाई राहते. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात आठ टक्क्यांचा फरक दिसला म्हणून त्यावर परिच्छेद लिहू नका.

---

संमतिपत्र

परवानगी लागते. माणसांकडून माहिती घेताय म्हटल्यावर "नुसता फॉर्म" असं काही नसतं. कमिटी असा अभ्यास बहुधा कमी जोखमीचा ठरवते आणि लवकर निकालात काढते, पण तो निर्णय कमिटीचा, तुमचा नाही. अर्ज पहिलं उत्तर येण्याच्या आधी मंजूर हवा. माहिती गोळा झाल्यावर मागितलेली परवानगी सहसा मिळत नाही आणि जर्नल मंजुरीचा क्रमांक मागतं. विद्यार्थ्यांचे चांगले प्रकल्प सगळ्यात जास्त इथेच वाया जातात, आणि तेही टाळता येण्यासारख्या कारणाने.

अर्जात प्रोटोकॉल, प्रश्नावलीची शेवटची प्रत, माहितीपत्रक, संमतीचा मजकूर आणि गाईडची सही. पायलटसुद्धा मंजुरीनंतरच.

तुमच्या विषयात काळजीची जागा म्हणजे दबाव. परीक्षा घेणारे शिक्षक वर्गात उभे राहून "भरा रे सगळ्यांनी" म्हणाले तर ती संमती उरत नाही. १९६४ पासूनच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात संमती घेणाऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसाबद्दल वेगळी दक्षता सांगितली आहे. विद्यार्थी-शिक्षक नातं नेमकं तसंच आहे. फॉर्म विद्यार्थ्यांनीच पोचवावेत आणि कुणी भरला, कुणी नाही, हे शिक्षकांना कळू नये.

निनावीपणाही नीट बघा. नाव विचारलं नाही म्हणजे निनावी झालं असं नाही. वर्ष, लिंग, वय, वसतिगृह आणि "प्रकाशित पेपर आहे" एवढं एका ओळीत आलं की वर्गातल्या कुणालाही माणूस ओळखता येतो. वय गटात घ्या, वसतिगृह गाळा, आणि पाचपेक्षा कमी माणसं असलेला रकाना तक्त्यात वेगळा दाखवू नका. फॉर्ममधलं ईमेल गोळा करण्याचं सेटिंग बंद आहे ना, ते स्वतः एकदा भरून तपासा. वर सांगितल्याप्रमाणे आठवण करायची असेल तर "भरून झालं" एवढीच नोंद वेगळ्या फॉर्ममध्ये घ्या. ती यादी उत्तरांना जोडता येता कामा नये.

पहिल्या पानावर संमती. "नाही" निवडलं की फॉर्म तिथेच संपला पाहिजे, पुढचे प्रश्न दिसता कामा नयेत.

---

तिसरं_वर्ष

सगळ्यांचे आभार. हजेरीपटावरून निवड करायची हे पटलं. दृष्टिकोनाची १४ वाक्यं केली, पाच उलटी. पायलटचे आकडे आले की क्रॉनबॅक अल्फा (वाक्यं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) काढायचा ना? तो ०.७ च्या खाली आला तर? आणि प्रत्येक वाक्यावर मुलगे-मुली, वर्ष, वसतिगृह असं काय-स्क्वेअर (गटागटांतला फरक तपासणारी चाचणी) लावायचं ठरवलं आहे.

दुसरं, आमच्यापैकी एकाचं म्हणणं असं की एवढ्या खटाटोपातून विद्यार्थ्यांच्या हाती काही खरं लागत नाही, हे शेवटी प्रमाणपत्रापुरतंच असतं. यावर काय सांगावं?

---

अल्फा_बीटा

अल्फा काढायच्या आधी उलट्या पाच वाक्यांचे गुण फिरवा: ६ वजा मिळालेला गुण. पूर्ण सहमतचे ५ असतील तर त्याचा १ होतो. हे विसरलं की अल्फा कोसळतो, कधीकधी उणेसुद्धा येतो, आणि चांगली वाक्यं उगाच काढून टाकली जातात. उणे अल्फा दिसला की बहुतेक वेळा कारण हेच असतं असं धरून आधी ते तपासा.

फिरवूनही ०.७ च्या खाली असेल तर प्रत्येक वाक्याचा बाकीच्या बेरजेशी सहसंबंध बघा. ज्याचा ०.२-०.३ च्या खाली आहे ते वाक्य वेगळंच काहीतरी मोजत असतं. उलट ०.९५ आला तर खूश होऊ नका; एकच गोष्ट चौदा वेळा विचारली गेली असण्याची शक्यता जास्त. ज्ञानाचे प्रश्न आणि सहभागाच्या अकरा खुणा या अल्फात घालू नका, ती वेगळी खाती आहेत. आणि ३० जणांच्या पायलटवरचा अल्फा डळमळीत असतो, मुख्य माहितीवर पुन्हा काढा.

आता काय-स्क्वेअर. १४ वाक्यं × ३ गट = ४२ चाचण्या. नुसत्या २० स्वतंत्र चाचण्यांतही, खरा फरक कुठेच नसताना, निदान एकीत पी (फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग त्या एकीवर "मुलींचा दृष्टिकोन लक्षणीयरीत्या वेगळा" असं वाक्य लिहिलं जातं. असं करू नका. वाक्यं सुटी न धरता १४ गुणांची बेरीज हा एकच निष्कर्ष-मापक घ्या (१४ ते ७०), आणि माहिती येण्याआधी प्रोटोकॉलमध्ये लिहा की मुख्य तुलना कोणती. माझ्या मते ती एकच असावी: दृष्टिकोनाचा गुण आणि गेल्या १२ महिन्यांतला स्वेच्छेने घेतलेला सहभाग यांचा संबंध. बाकी सगळं शोधात्मक म्हणून मांडा.

लॉजिस्टिक रिग्रेशन (सहभाग आहे की नाही याचा अनेक घटकांशी एकत्र संबंध बघणं) करणार असाल तर सहभाग असलेल्या दर दहा जणांमागे एक घटक, हा जुना ढोबळ नियम ठेवा. ४० जणांनीच भाग घेतला असेल तर चार घटकांवर थांबा. आणि काय-स्क्वेअर कुठे वापरलंच तर अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी असलेले रकाने २० टक्क्यांवर गेले की फिशरच्या अचूक चाचणीकडे वळा.

निष्कर्षात "चांगल्या दृष्टिकोनामुळे सहभाग वाढतो" लिहू नका. एकाच वेळी घेतलेल्या माहितीतून आधी काय आणि नंतर काय, हे कळत नाही. चांगल्या गाईडबरोबर काम केल्यावरही दृष्टिकोन सुधारतो. "संबंध आढळला" एवढंच.

लिहिताना स्ट्रोबची (निरीक्षणात्मक अभ्यास कसा मांडावा याची) २२ मुद्द्यांची यादी आणि ऑनलाइन सर्वेक्षणासाठी २००४ ची चेरीज ही यादी समोर ठेवा. या दोन्ही आत्ताच, प्रोटोकॉल लिहितानाच वाचा. किती जणांना लिंक गेली, किती जणांनी उघडली, किती जणांनी पूर्ण केली, असं चेरीज विचारते आणि ते नंतर आठवून सांगता येत नाही.

---

गाईड_हवा

तुमच्या मित्राच्या शंकेचं उत्तर. पॉल लांगरहान्सने स्वादुपिंडातल्या, आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पेशींच्या बेटांचं वर्णन केलं ते १८६९ च्या प्रबंधात, बर्लिनमध्ये वैद्यकीय विद्यार्थी असताना, वयाच्या २१ व्या वर्षी. ती बेटं काय काम करतात हे त्याला सांगता आलं नाही, आणि तसं त्याने लिहिलंही. जे मॅक्लीन हा १९१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला विद्यार्थी होता. रक्त गोठवणारा पदार्थ शोधताना त्याच्या हाती गोठणं रोखणारा पदार्थ लागला आणि हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची वाट तिथून सुरू झाली. दोघांच्या कामात सारखी असलेली गोष्ट बघा: लहान, नेमका प्रश्न आणि पाठीशी जाणतं माणूस. लांगरहान्सला पॅथॉलॉजिस्ट विर्शोची संस्था मिळाली, मॅक्लीनला शरीरक्रियाशास्त्रज्ञ हॉवेल.

म्हणून गाईडकडे जाताना "सर, काहीतरी प्रोजेक्ट द्या" म्हणू नका. एक पान न्या: प्रश्न एका वाक्यात, कुणावर, किती जणांवर, किती आठवड्यांत, आणि तुम्हाला त्यांच्याकडून नेमकं काय हवं. दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं मागा. एवढं मागितलं तर बहुतेक शिक्षक नाही म्हणत नाहीत.

लेखकांची नावंही त्याच बैठकीत लिहून घ्या. वैद्यकीय जर्नल संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आहेत: आखणी किंवा माहिती किंवा विश्लेषणात ठोस वाटा, मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, शेवटच्या प्रतीला मान्यता, आणि कामाची जबाबदारी. चारही हवेत. फक्त फॉर्म वाटणारा मित्र आभारात जातो, आणि विभागप्रमुख असणं हा यातला कुठलाच निकष नाही. हे नंतर बोलणं अवघड जातं, आज सोपं आहे.

जर्नलबद्दल एवढंच: शुल्क किती आणि कधी, समीक्षा कोण करतं, संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, हे पाठवायच्या आधी बघा. तीन दिवसांत स्वीकारतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. एका वेळी एकाच जर्नलकडे.

---

तिसरं_वर्ष

मुख्य तुलना एकच ठेवली, वसतिगृह काढलं. अर्ज सोमवारी कमिटीकडे देतो. दृष्टिकोनातलं नववं वाक्य आता असं आहे: "संख्याशास्त्र आणि पेपर वाचन मला जमतं." ठीक आहे का?

---

प्रश्नपारखी

नाही, यातही दोन प्रश्न आहेत. पेपर वाचता येणारे पुष्कळ जण संख्याशास्त्रापाशी अडतात. शिवाय "जमतं" हा आत्मविश्वास झाला, दृष्टिकोन नव्हे. चौदा वाक्यांच्या बेरजेत तो धरू नका. दोन वेगळी वाक्यं करून ज्ञानाच्या भागात टाका, आणि त्यांच्याखाली एक छोटा खरा प्रश्न द्या: पी व्हॅल्यू ०.०३ म्हणजे काय, चार पर्याय. किती जणांना जमतं असं वाटतं आणि किती जणांना खरंच जमतं, हे शेजारी शेजारी दिसेल. आणि दृष्टिकोनात आता १३ च वाक्यं उरली, तेव्हा प्रोटोकॉलमधला गुणांचा पल्ला सोमवारच्या आत १३ ते ६५ असा दुरुस्त करा.